पुराची भिंत कुठे बांधायची हे ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

किनाऱ्यावरच्या शहरांचे पूर-आराखडे करणारे इंजिनीयर, प्लॅनर, त्या आराखड्यांना पैसे देणाऱ्या बँका आणि शेवटी त्यावर सही करणारे अधिकारी, तुम्हा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितेय. वेगवेगळं लिहिलं की प्रत्येकजण म्हणतो हे माझ्या टेबलावरचं काम नाही. मला बोलायचंय ते एकाच गोष्टीबद्दल, तुम्ही पुराचं नुकसान मोजता कसं त्याबद्दल.

समजा ऐन भरतीला वादळ आलं आणि दोन घरांत कमरेएवढं पाणी शिरलं. पाणी तेच, तेवढंच उंच, तेवढाच वेळ थांबलेलं. पहिल्या घरात फर्निचर गेलं, गाडी गेली, खालची फरशी उखडली. दुसऱ्या घरात गादी, शिलाई मशीन, शेगडी, मुलांच्या वह्या आणि एका पिशवीत जपून ठेवलेली सगळी कागदपत्रं गेली. तुमच्या तक्त्यात पहिल्या घराचं नुकसान दुसऱ्याच्या कितीतरी पट निघणार आणि बेरीज म्हणून ते बरोबरच आहे, ते मी नाकारत नाही. पण पहिल्या घरातली माणसं चार दिवस नातेवाइकांकडे जातात, इन्शुरन्सचा फॉर्म भरतात, पगार चालूच असतो, दोन-तीन महिन्यांत घर परत लागतं. दुसऱ्या घरातल्या बाईची कमाई मशीनबरोबरच बंद झाली, नवीन मशीनसाठी व्याजाने पैसे काढले, ते फेडायला मोठी मुलगी शाळा सोडून कामाला लागली, आणि तीन वर्षांनी परत पाणी आलं तेव्हा पहिलं कर्जच फिटलेलं नव्हतं. आता सांगा कुणाचं जास्त गेलं? तुमच्या तक्त्यात हा प्रश्न विचारायला जागाच नाहीये, आणि माझी सगळी तक्रार तिथून सुरू होते.

भिंत कुठे बांधायची, पंप कुठे बसवायचे, कुठला बांध आधी उंच करायचा हे ठरवायची बऱ्याच देशांतली रीत साधारण एकच आहे. खर्च किती, लाभ किती, भागाकार करा, ज्याचं उत्तर मोठं ते काम आधी. ऐकायला अगदी सरळ वाटतं. पण लाभ म्हणजे काय, तर मुख्यतः वाचलेली मालमत्ता, आणि मालमत्तेची किंमत म्हणजे बाजारभाव. मग जिथे घरं महाग तिथे त्याच भिंतीचा लाभ जास्त दिसणारच ना. आणि जिथे पत्र्याची घरं आहेत, जमिनीचा कागद नाही, तिथला बाजारभाव कागदावर जवळपास शून्य, म्हणजे तिथे राहणारी हजारो माणसं वाचली तरी लाभाच्या रकान्यात फार काही पडत नाही. पुढे काय होतं ते जास्त त्रासदायक आहे, भिंत आली की तिथली जमीन अजून महाग होते, मग पुढच्या आराखड्यात तिचाच लाभ अजून मोठा दिसतो, आणि जिथे भिंत आली नाही तिथे दर पडतात, बँक कर्ज देत नाही, ज्यांना जमतं ते निघून जातात आणि ज्यांना दुसरीकडे भाडं परवडत नाही ते तिथे येतात. वीस वर्षांनी कुणीतरी नकाशा बघून म्हणतं की पूर आणि गरिबी एकाच जागी कशी काय आली बुवा. हे कुणी ठरवून गरिबांच्या विरोधात केलेलं नाही, हे मी मनापासून मानते, या कामातली बरीच माणसं प्रामाणिक असतात. पण गणितालाच उतार असेल तर ते करणारा कितीही चांगला असो, पाणी एकाच बाजूला जाणार.

याचं सगळ्यात उघड उदाहरण अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचं आहे. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळ आलं, शहराचे बांध फुटले आणि शहराचा जवळपास ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर लुइझियाना राज्याने घरं परत उभी करायला 'रोड होम' नावाची योजना काढली, खूप मोठी योजना. त्यात घरमालकाला किती पैसे द्यायचे ते ठरवताना दोन आकडे बघायचे, वादळाआधीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, आणि यातला जो कमी असेल तो धरायचा. आता एकाच आकाराची, एकाच वयाची, सारखीच मोडलेली दोन घरं घ्या, एक गोऱ्या वस्तीतलं आणि एक काळ्या वस्तीतलं. विटा, सिमेंट, सुताराची मजुरी दोघांनाही सारखीच. पण काळ्या वस्तीतल्या घराची बाजारातली किंमत आधीपासूनच कमी, कारण तिथे कित्येक दशकं कर्ज, रस्ते, शाळा सगळंच कमी पोचलेलं. म्हणजे त्या मालकाला मिळणार कमी किमतीच्या हिशोबाने आणि खर्च येणार पूर्ण बांधकामाचा. मधली खाई कुणी भरायची? पुष्कळांना नाही भरता आली, ते परतलेच नाहीत. २००८ मध्ये या सूत्राविरुद्ध कोर्टात केस झाली आणि २०११ मध्ये तडजोड होऊन काही घरमालकांना जास्तीचे पैसे द्यायचं ठरलं. सहा वर्षांनी. सहा वर्षांत माणूस दुसऱ्या गावात नोकरी धरतो, मुलं तिथल्या शाळेत रुळतात, म्हातारी माणसं वारतात. आणि हे सगळं मी घरमालकांचं सांगतेय, भाड्याने राहणाऱ्यांचा तर त्या सूत्रात विषयच नव्हता, आणि ज्या शहरात निम्म्याच्या आसपास कुटुंबं भाड्याने राहत होती तिथे ही छोटी गोष्ट नव्हती.

त्याच शहरात पाणी यायच्या आधीचा एक दिवसही बघा. २८ ऑगस्टला शहर सोडायचा सक्तीचा आदेश निघाला. बाहेर पडायच्या योजनेचा सगळा भर स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांवर होता आणि शहरातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या कुटुंबांकडे गाडीच नव्हती. त्यात महिनाअखेर, हातात पैसे नाहीत, बाहेर कुठे राहायची सोय नाही. नंतर टीव्हीवर म्हणायला लागले की सांगूनही लोक गेले नाहीत. जायचं कसं ते सांगितलं होतं का कुणी? लुइझियानात या वादळात जे मरण पावले त्यातले जवळपास निम्मे ७५ किंवा त्याहून जास्त वयाचे होते. या आकड्यावर मी नेहमी थांबते. पंचाहत्तरीच्या पुढची माणसं, ज्यांना जिना उतरता येत नाही, ज्यांची औषधं रोजची असतात, आणि त्यांच्यासाठी आदेश काय तर निघा.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल की बाई, मालमत्ता नाही मोजायची तर मग मोजायचं काय, भावना मोजायच्या का. तर नाही, मोजायची पद्धत आहे आणि ती कुठल्या चळवळीतल्या माणसाने काढलेली नाही. २०१७ मध्ये वर्ल्ड बँकेच्याच एका रिपोर्टात अर्थतज्ज्ञांनी हाच प्रश्न घेतला होता. त्यांचा मुद्दा असा की एक डॉलर श्रीमंताचा गेला आणि एक डॉलर गरिबाचा गेला तर जगण्यावर होणारा परिणाम सारखा नसतो, कारण एकजण बचतीतून भागवतो आणि दुसरा खाण्यातून, औषधातून, मुलांच्या शिक्षणातून कापतो. हा फरक धरून त्यांनी नैसर्गिक आपत्तींचा हिशोब परत केला तेव्हा जगाचं नुकसान नुसत्या मालमत्तेच्या आकड्यापेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त निघालं, वर्षाला ५२० अब्ज डॉलर एवढा उपभोग गमावल्यासारखं, आणि दरवर्षी अंदाजे २ कोटी ६० लाख माणसं आपत्तींमुळे गरिबीत ढकलली जातात असं दिसलं. म्हणजे तुमच्याकडे सूत्र आहे, तुमच्याच कपाटात आहे. फक्त भिंत कुठे बांधायची ते ठरवायच्या मीटिंगमध्ये ते कपाटातून बाहेर येत नाही.

आणि खर्च-लाभाचं हे गणित जिथे सुरुवातीला नीट मांडलं गेलं त्या देशानेच पुढे काय केलं तेही ऐका. नेदरलँड्समध्ये ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राचं पाणी बांध फोडून आत आलं आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर तिथे पुरापासून संरक्षण कसं करायचं ते ठरवायला डेल्टा कमिशन नावाची समिती बसली, आणि डेव्हिड व्हॅन डांटझिग नावाच्या गणितज्ञाने बांध किती उंच असावा याचं गणित मांडलं, उंची वाढवायचा खर्च एका बाजूला आणि वाचणारं नुकसान दुसऱ्या बाजूला. विचार म्हणून फारच भारी होता, मी आजही आदराने वाचते. पण त्यातून पुढे जे नियम आले त्यात उत्तर आणि दक्षिण हॉलंड हे प्रांत, म्हणजे जिथे मोठी शहरं आणि मोठी मालमत्ता, तिथल्या किनाऱ्याला १०,००० वर्षांत एकदा येईल अशा पाण्याला पुरे पडतील असे बांध, आणि झीलंड प्रांताला ४,००० वर्षांत एकदाच्या हिशोबाचे. १९५३ ला सगळ्यात जास्त माणसं गेली होती ती झीलंडमध्येच. आता ४,००० हा आकडासुद्धा जगातल्या बाकी किनाऱ्यांच्या मानाने खूपच मोठा आहे, १०० वर्षांच्या पाण्यासाठी बांधलं तरी बरेच देश खूश असतात. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की त्यांनी पुढे जाऊन २०१७ मध्ये नियम बदलले आणि पाया म्हणून एक गोष्ट घातली, बांधामागे राहणाऱ्या कुणाचाही, तो कुठल्याही भागात राहत असो, पुरात मरण्याचा धोका वर्षाला एक लाखात एकपेक्षा जास्त असता कामा नये, आणि हे २०५० पर्यंत गाठायचं. आधी प्रत्येक माणसाला ही किमान सुरक्षा, मग त्याच्या वर जिथे खूप लोक किंवा खूप मालमत्ता असेल तिथे जास्त संरक्षण. किमान रेषा माणसावर आखली, घराच्या किमतीवर आखली नाही. मला तुमच्याकडून हेच हवंय, एवढंच.

पैसा नाही म्हणून आमच्याकडे हे जमणार नाही, असंही ऐकायला मिळतं. बांगलादेशाकडे बघा मग. १२ नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान ३ लाख माणसं गेली, २९ एप्रिल १९९१ च्या वादळात अंदाजे १ लाख ३८ हजार, २००७ च्या सिद्रमध्ये साधारण ३,४००, आणि २०२० च्या अम्फानमध्ये तिथे काही डझन. वादळं सगळी सारखी नव्हती, मान्य, पण एवढा फरक नुसता वाऱ्याचा नसतो. १९७२ मध्ये तिथे चक्रीवादळ पूर्वतयारीचा कार्यक्रम सुरू झाला, गावागावात स्वयंसेवक, आज ते ७० हजारांच्या वर आहेत, सायकलवर, पायी, हातात भोंगा घेऊन घरोघर जाणारे. वादळाच्या पाण्यापासून वाचवणारी पहिली गोष्ट काँक्रीट नव्हती तर दारात येऊन नावाने हाक मारणारा ओळखीचा माणूस होता.

पण १९९१ चा अजून एक आकडा विसरू नका. २० ते ४४ वयाच्या बायका दर हजारी ७१ गेल्या आणि त्याच वयाचे पुरुष दर हजारी १५. समुद्राला काय बाई-पुरुष कळत नाही. सूचना बाजारात, चौकात दिल्या गेल्या जिथे पुरुष असतात, बायका घरात मुलं सांभाळत नवऱ्याची वाट बघत थांबल्या, आसऱ्याच्या इमारतीत अनोळखी पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची भीती, वेगळं संडास नाही, अंगावर पाच-सहा वार कापड, कडेवर मूल, पोहायला कुणी शिकवलेलंच नाही. यातलं एकही कारण समुद्राचं नाही. पुढे तिथे स्वयंसेवकांत बायका आल्या, नवीन निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, गुरांसाठी उंच जागा केल्या कारण गाय सोडून माणूस निघत नाही, गाय म्हणजेच त्याची बँक असते. आराखडा करणाऱ्याने त्या घरातल्या बाईला एकदा विचारलं असतं तर हे सगळं आधीच कळलं असतं असं मला वाटत राहतं.

आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची तज्ज्ञ समिती, तिच्या २०२२ च्या रिपोर्टात आहे की २०१० ते २०२० या काळात पूर, दुष्काळ आणि वादळांत मरण्याचं प्रमाण अतिशय असुरक्षित प्रदेशांत सगळ्यात कमी असुरक्षित प्रदेशांच्या १५ पट होतं. पंधरा पट. इतकं अंतर पावसाने पडत नाही.

आता त्या वाक्याकडे येते जे मी इतक्या वेळा ऐकलंय की मोजणं सोडलं. "मग राहतातच कशाला तिथे?" चांगल्या शिकलेल्या, मनाने वाईट नसलेल्या माणसांकडून ऐकलंय. तिथे राहतात कारण काम तिथे आहे. मासेमारी, बंदर, लोकांच्या घरची कामं, बांधकाम, सगळं चालत जाता येईल अशा अंतरावर. शहर त्यांना कामाला बोलावतं पण राहायला जागा देत नाही, मग उरते ती जागा जी दुसऱ्या कुणालाच नको असते, खाडीच्या कडेची, नाल्याच्या काठची, भरावाची. समुद्रसपाटीपासून १० मीटरच्या आत असलेली किनारी जमीन जगाच्या एकूण जमिनीच्या फक्त २ टक्के आणि लोक मात्र साधारण १० टक्के, तर तिथे दाटी होणारच आणि दाटीत चांगली जागा कुणाला मिळते ते काय सांगायला पाहिजे. ज्याचं हातावर पोट आहे त्याच्यासाठी कधीतरी येणाऱ्या पुरापेक्षा रोजचं काम जवळ असणं मोठं असतं. हा अडाणीपणा नाही, हा हिशोब आहे, आणि त्याच्याकडे जेवढे पर्याय आहेत त्यात तो बरोबरच आहे. पर्याय वाढवणं तुमच्या हातात आहे, त्याच्या नाही.

इंडोनेशियातल्या जकार्ताचं घ्या. तिथली जमीन खचतेय, उत्तर भागात काही ठिकाणी वर्षाला २० सेंटिमीटरपर्यंत खचल्याच्या नोंदी आहेत, समुद्र वाढतोय त्याच्या कितीतरी पट वेगाने. खचण्याचं मोठं कारण जमिनीखालचं पाणी उपसणं. कोण उपसतं? ज्यांच्याकडे नळ पोचला नाही ती घरं उथळ विहिरीतून, बोअरमधून काढतात आणि मोठ्या इमारती, कारखाने, मॉल खोल बोअर मारून काढतात. जमीन सगळ्यांचीच खचते पण समुद्राचं पाणी आधी येतं ते भिंतीला टेकून असलेल्या वस्तीत. म्हणजे पुराचा प्रश्न अर्धा नळाचा प्रश्न आहे! तुम्ही समुद्रात भिंत किती किलोमीटर बांधायची यावर चर्चा करता तेव्हा पाणीपुरवठा खात्याचा माणूस त्या खोलीत असतो का? सरकारने २०१९ मध्ये जकार्तातली राजधानीच बोर्निओ बेटावर हलवायचं जाहीर केलं. खाती हलतील, फायली हलतील. किनाऱ्यावरची माणसं कुठे हलणार?

हलवण्याबद्दलही बोलायचंय कारण हा तुमच्या आराखड्यातला आवडता उपाय आहे. कधीकधी तो खरंच बरोबर असतो, काही जागा वाचवता येणार नाहीत हे मलाही कळतं. पण तो कुणासाठी वापरला जातो ते बघा. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत किनाऱ्यापासून १०० मीटर आणि काही भागांत २०० मीटर घरं बांधायला बंदी घातली, कोळ्यांना मागे जा म्हणाले, आणि हॉटेलांना मात्र सवलती होत्या. नंतर तो नियम ढिला करावा लागला. फिलिपिन्समध्ये ८ नोव्हेंबर २०१३ ला हैयान वादळात ६,३०० च्या वर माणसं गेली, टाक्लोबान शहरात समुद्राचं पाणी भिंतीसारखं आत आलं. तिथे इशारा दिला होता, पण 'स्टॉर्म सर्ज' (वादळाने किनाऱ्यावर चढणारं समुद्राचं पाणी) असा इंग्रजी शब्द वापरून दिला होता, तो बऱ्याच लोकांना कळलाच नाही, नंतर लोक म्हणाले की त्सुनामी येतेय म्हटलं असतं तर आम्ही पळालो असतो. त्यानंतर किनाऱ्यापासून ४० मीटर बांधकामबंदी आली आणि लोकांना शहराच्या उत्तरेला लांब घरं दिली. घरं पक्की, पण सुरुवातीची कितीतरी वर्षं पाणी टँकरचं आणि काम, मासे, बाजार सगळं जुन्या जागी. रोजच्या येण्या-जाण्यातच कमाई गेली तर माणूस काय करेल, परत किनाऱ्यावर झोपायला येईल. मग तुम्ही त्याला अतिक्रमण म्हणता.

नायजेरियातल्या लागोसमध्ये समुद्रात भराव टाकून एको अटलांटिक नावाचं नवीन शहर उभं राहतंय आणि त्याला साडेआठ किलोमीटरच्या आसपास लांबीची संरक्षक भिंत आहे. त्याच शहरात ओटोडो ग्बामे नावाची पाण्याकाठची कोळी वस्ती २०१६-१७ मध्ये पाडली, सुमारे ३० हजार माणसं बेघर झाली. एकाच शहरात, एकाच समुद्रापासून, काहींना वाचवायला समुद्रात जमीन तयार केली जाते आणि काहींना काठावरची जमीनसुद्धा सोडायला लावतात. मी हे दोन्ही एका नकाशावर शेजारी शेजारी बघितलं तेव्हा बराच वेळ काही सुचलंच नाही.

आता भिंतीबद्दल थोडं तांत्रिक, तुम्हाला माहीत आहे पण हे पत्र बाकीचेही वाचतील म्हणून. भिंत समुद्राचं पाणी आत येऊ देत नाही, पण आतलं पावसाचं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. भरतीला फाटकं बंद करावी लागतात आणि त्याच वेळी धो धो पाऊस असेल तर सगळं पाणी आतल्या सगळ्यात खोल जागी जाऊन साठतं, पंप असेल तर निघतं, पंपाला वीज नसेल तर नाही निघत. आणि सगळ्यात खोल जागी कोण राहतं ते वर लिहिलंच आहे. बांगलादेशच्या नैर्ऋत्य भागात १९६० च्या दशकात शेती वाचवायला मातीचे मोठे बांध घातले, शेती वाढलीही, पण नद्या भरतीबरोबर जो गाळ आत आणून टाकायच्या तो थांबला आणि बांधाच्या आतली जमीन बाहेरच्यापेक्षा एक ते दीड मीटर खाली गेली. मग २००९ मध्ये आयला वादळाने बांध फोडले तेव्हा समुद्र त्या खड्ड्यात शिरला आणि काही ठिकाणी जवळपास दोन वर्षं रोजची भरती शेतातून फिरत राहिली. दोन वर्षं खारं पाणी, पीक नाही, विहिरी खारट, बायका पिण्याचं पाणी आणायला लांब जायच्या. जीव वाचले होते बऱ्याच जणांचे, पण त्या दोन वर्षांचा हिशोब कुठल्या रकान्यात आहे?

भिंतीला विरोध नाही माझा, पण वाचवते ती नुसती भिंतच असंही नाही. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर अभ्यास झाला त्यात दिसलं की ज्या गावांपुढे खारफुटीचा रुंद पट्टा शिल्लक होता तिथे माणसं कमी गेली. पण भिंत असो की खारफुटी, ती कुणाच्या समोर आहे हा प्रश्न राहतोच, खारफुटी तोडून भराव कुणासाठी झाला हाही राहतोच.

आणि लहान पूर, ज्यांना तुमच्याकडे पूर असं म्हणतच नाहीत. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला गटारातून उलटं वर येणारं घोट्याएवढं पाणी. बातमी नाही, मदत नाही, आपत्ती जाहीर होत नाही. पण गल्ली बंद, रिक्षा येत नाही, दुकान उघडत नाही, मुलं शाळेत जात नाहीत, पायाला जखम असेल तर चिघळते, भिंतीतली ओल वर्षभर जात नाही आणि दम्याचा त्रास त्या ओलीबरोबर वाढतो. समुद्राची पातळी १९०१ ते २०१८ मध्ये साधारण २० सेंटिमीटर वाढली आणि वेग वाढतोय, म्हणजे हे दिवस वाढतच जाणार आहेत. वर्षातून असे पंधरा दिवस गेले तर रोजंदारीवरच्या माणसाचा अर्धा महिना गेला. एका मोठ्या वादळापेक्षा हे घोट्याएवढं पाणी कुटुंबाला जास्त पोखरतं असं मला वाटतं, हळूहळू पोखरतं म्हणून दिसत नाही एवढंच.

मी काही वर्षं अशा नकाशांच्या आणि सर्व्हेच्या कामात होते. एका सर्व्हेचा फॉर्म अजून डोळ्यासमोर आहे, त्यात घर, वाहन, फर्निचर, विद्युत उपकरणं आणि शेवटी 'इतर'. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं होतं की माझं कर्ज कुठे लिहिणार? मी म्हटलं ते यात येत नाही. ती काही बोलली नाही, दुसऱ्याच कामाला लागली. मी पुढच्या घरी गेले. तेव्हा मला ते नेहमीचंच वाटलं, आता वाटतं की तिथेच थांबायला हवं होतं आणि फॉर्म बदला म्हणून वर भांडायला हवं होतं.

तर आता बदला. नुकसानीच्या तक्त्यात एक रकाना वाढवा, या घराला परत उभं राहायला किती दिवस लागतील. पैशाच्या रकान्याच्या शेजारी, त्याच्याएवढ्याच ठळक अक्षरात, आणि कामांचा क्रम लावताना दोन्ही धरा. भाड्याने राहणाऱ्याला आणि कागद नसलेल्याला तक्त्यात माणूस म्हणून घ्या, मदत द्यायला जमिनीचा उतारा मागू नका, तो पाण्यात गेलाय किंवा कधी नव्हताच. डच लोकांसारखी किमान सुरक्षेची रेषा आखा, त्यांच्याएवढी कडक नाही जमली तरी चालेल पण सगळ्यांसाठी एकच असू दे. हलवायचंच असेल तर आधी तिथे काम आणि पाणी पोचवा आणि मग घर द्या. मदत पाणी उतरल्यावर सहा महिन्यांनी नको, पहिल्या आठवड्यात थोडे तरी रोख पैसे हातात पडू देत, सावकाराच्या दारात जायची वेळ त्याच आठवड्यात येते.

आणि '१०० वर्षांतून एकदा येणारा पूर' असं लोकांना सांगणं बंद करा प्लीज. तो दर वर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर आहे, म्हणजे तीस वर्षं एका घरात राहिलात तर तो बघायची शक्यता चारात एकच्या आसपास. हे असं सांगितलं की कुणालाही कळतं. शंभर वर्षं म्हटलं की माणूस म्हणतो नातवंडांच्या वेळी बघू.

शेवटचं एक मागणं, अगदी साधं. पुढचा आराखडा हरकतींसाठी खुला कराल तेव्हा नुसता वेबसाइटवर टाकू नका. मोठा नकाशा छापून त्या वस्तीतल्या भिंतीवर लावा, लोकांच्या भाषेत, पाणी कुठपर्यंत येईल ते गुडघा, कंबर, छाती असं लिहून. मीटिंग संध्याकाळी सातनंतर ठेवा, सकाळी अकराला ठेवली तर ज्यांचा दिवसाचा रोज बुडतो ते येऊ शकत नाहीत, आणि लहान मुलांना घेऊन बसता येईल अशी जागा ठेवा म्हणजे बायका येतील. त्या आल्या की त्यांना आधी बोलू द्या आणि प्रेझेंटेशन नंतर लावा.

तुमची,
नकाशांच्या कामातली एक जुनी सहकारी